प्रश्न नऊमध्ये 'नाही'च्या जागी 'लागू नाही' लिहिल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
उद्योग हवामान-वचन पडताळणी विभाग,
तिसरा मजला.

अर्जदार : वरिष्ठ तपासनीस, टेबल क्र. २, दुसरा मजला.

विषय : काचकारखान्याच्या गुणतक्त्यातील एक उत्तर मी स्वतः बदलले असल्याने, कनिष्ठ तपासनीस बाईंची उद्याची सुनावणी रद्द करून ती माझ्यावर घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपले 'कारणे दाखवा' पत्र (बाईंना दिलेले, मिळायला मला हवे होते).
२) कारखान्याशेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांची तक्रार.
३) याच विषयावरील माझे यापूर्वीचे दोन अर्ज. ते आपल्या दप्तरी सापडणार नाहीत. कारण परिच्छेद ८ मध्ये दिले आहे.

महोदया,

१. आपल्या विभागाचे काम मी आपल्यालाच समजावून सांगणे शोभत नाही. परंतु उद्याच्या सुनावणीला बाहेरचे दोन सदस्य बसणार आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. कंपन्या जाहीर करतात की अमुक वर्षापर्यंत आम्ही धूर बंद करू. त्या बोलण्यात किती दम आहे हे आपण मोजतो. त्यासाठी बारा प्रश्नांचा तक्ता आहे. प्रत्येक प्रश्नाला दहा गुण. शेकडा साठ मिळाले की कंपनीचे वचन 'विश्वासार्ह', खाली राहिले की 'संशयास्पद'. विश्वासार्ह ठरलेल्या कंपनीला वचनाची मुदत संपेपर्यंत धुराच्या वार्षिक मर्यादेतून सूट मिळते. म्हणजे आमच्या पेनाच्या एका फटकाऱ्याने कुणाच्या तरी खिडकीवरची काजळी पाच वर्षे कायदेशीर होते. हे मला एकोणीस वर्षांच्या नोकरीत रोज माहीत होते, त्यामुळे माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही.

२. सदर कारखाना बाटल्या करतो. त्याचे वचन असे की जुनी तेलावरची भट्टी पाच वर्षांत कायमची विझवू आणि विजेवरची उभारू. मी आणि बाई पाहणीस गेलो. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी आम्हाला गार खोलीत बसवून चित्रे दाखवली. चित्रे फार सुंदर होती. बाई दहा मिनिटांत उठल्या आणि "जरा मागचं आवार बघून येते" म्हणून गेल्या. मी बसलो. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवयच आहे, आणि खुर्चीही मऊ होती.

३. बाई परत आल्या त्या हाताला विटकरी धूळ लावून. मागच्या आवारात भट्टीच्या अस्तराच्या जुन्या विटांचा ढीग पडला होता आणि नव्या विटांची रिकामी खोकी होती. त्यांनी खोकी मोजली. त्याच महिन्यात भट्टीला आतून नवे अस्तर घातले होते, आणि असे अस्तर बारा वर्षे टिकते. बाई गाडीत मला म्हणाल्या, "ज्याला घर सोडायचंय तो कौलं बदलत नाही, सर." प्रश्न नऊ असा आहे : 'गेल्या बारा महिन्यांत वचनाच्या पूर्ततेसाठी प्रत्यक्ष कोणते काम झाले?' बाईंनी कच्च्या तक्त्यात तिथेच, मांडीवर पाटी ठेवून लिहिले : 'नाही. उलट भट्टीला नवे अस्तर. खोकी मोजली, दोनशे चाळीस.' खाली दोघांच्या सह्या झाल्या. माझी सही तीच आहे जी या अर्जाखाली आहे, पडताळून पाहावी.

४. दुसऱ्या दिवशी बाई अर्धा दिवस दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्या निघताना मी म्हटले, "तुमचा संगणक चालू राहू दे, नोंदी मी करतो." अकरा उत्तरे मी जशीच्या तशी उतरवली. प्रश्न नऊला 'नाही'च्या जागी 'लागू नाही' हा पर्याय निवडला. बाहेरच्या सदस्यांना हा फरक किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही. 'नाही' लिहिले की शून्य मिळते आणि प्रश्न मोजला जातो. 'लागू नाही' लिहिले की प्रश्नच बेरजेतून उठून जातो. कारखान्याचे गुण होते सत्तर. एकशे वीसपैकी सत्तर म्हणजे अठ्ठावन्न. एकशे दहापैकी सत्तर म्हणजे त्रेसष्ट. 'लागू नाही' हा पर्याय वर्षही न झालेल्या नव्या कंपन्यांसाठी आहे. या कारखान्याला एकतीस वर्षे झाली आहेत. कच्चा तक्ता नस्तीला लावायचा सोडून मी पिशवीत घातला आणि घरी नेला.

५. असे का केले, याचे उत्तर मी पहिल्या दोन अर्जांत लिहिले होते की काठावर नापास होणाऱ्याची मला दया येते. मी स्वतः शालान्त परीक्षेत दोन गुणांनी नापास झालो होतो. हे ऐकायला बरे वाटते, म्हणून लिहिले होते. खरे कारण माझे जावई आहेत. त्यांचे पूर्वीचे काम सुटून अकरा महिने झाले होते. मुलगी आणि ते आमच्याकडेच राहायला आले होते. ते दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून असत आणि कुणी आत आले की विनाकारण उभे राहत. माणूस सोन्यासारखा, पण घरातले सगळे हळू बोलायला लागले होते. बाई मागच्या आवारात विटा पाहत होत्या तेव्हा व्यवस्थापकांनी सहज विचारले, "घरी कोण कोण असतं?" मी विचारले त्यापेक्षा जास्त सांगितले. ते म्हणाले, "पाठवून द्या एकदा." बस, एवढेच. कुणी सौदा केला नाही. सौदा झाला असता तर निदान नाही म्हणायला जागा होती. तिसऱ्या आठवड्यात जावई कारखान्याच्या कोठारात कामाला लागले. मुलगी पुन्हा मोठ्याने हसू लागली. महोदया, त्या हसण्याचा मला झालेला आनंद खोटा नव्हता, हे आपण कुठेही नोंदवू नका, पण लक्षात असू द्या. अलीकडे जेवताना जावई अभिमानाने सांगतात, "बाबा, आता बारा वर्षं ही भट्टी हलत नाही!" आणि मी आमटी वाढायला सांगतो.

६. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तक्रार केली की वर्ग सुरू करताना फळ्याआधी बाके पुसावी लागतात, आणि ज्या भट्टीला आत्ताच अस्तर घातले ती विझणार हे आपण कशावरून ठरवले? प्रश्न अगदी योग्य आहे. चौकशी लागली. संगणकात नोंद बाईंच्या नावाने, कच्चा तक्ता गायब. 'कारणे दाखवा' पत्र बाईंना गेले. त्यांचा करार या महिन्यात संपतो. सुनावणीत ठपका आला तर त्यांना पुन्हा कुठेही तपासनीस म्हणून घेणार नाहीत. ज्या एकट्या माणसाने विटांची खोकी मोजली, त्याच माणसाला आपण उद्या विचारणार आहोत की तुम्ही खोकी का मोजली नाहीत. साप सोडून भुई धोपटणे म्हणतात ते हेच. साप या क्षणी आपल्याला अर्ज लिहीत आहे.

७. यापुढचे लिहायला माझा हात वळत नाही, तरी लिहितो. पत्र मिळाल्यावर बाई माझ्याच टेबलाशी आल्या. त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "सर, मी 'नाही' लिहिल्याचं मला चांगलं आठवतंय. पण त्या दिवशी दाढेने जीव नकोसा केला होता. संध्याकाळी येऊन मीच काही दाबलं असेल का हो?" मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. माणूस आहे." त्यांनी माझे आभार मानले. आभार! तेव्हापासून त्या कार्यालयात प्रत्येक कागद दोनदा वाचतात आणि तरी हातात धरून बसतात. कालच त्यांनी मला एका सोप्या बेरजेवरून नजर फिरवायला सांगितली. बेरीज बरोबर होती. माझ्या हातून गुण चुकले ते दुरुस्त होतील. एका चोख माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास मी घालवला, तो कोणत्या रकान्यात दुरुस्त करायचा ते मला माहीत नाही.

८. मी काहीच केले नाही असे नाही. जे केले ते सांगतो. प्रथम दुरुस्ती खिडकीवर गेलो. तिथल्या नमुन्यात चुकीची तीन कारणे आहेत : टंकदोष, आकडेमोड, पत्ता. 'जाणूनबुजून' हे कारण नाही. खिडकीवरचे गृहस्थ समजूतदार. म्हणाले, "टंकदोषावर खूण करा, सगळे तेच करतात." पुढचा रकाना होता, 'चूक केव्हा लक्षात आली?' मी लिहिले, 'करण्यापूर्वी.' त्यांनी नमुना परत दिला आणि सांगितले की तारीख चुकीपेक्षा आधीची असेल तर यंत्र ती घेत नाही. शिवाय दुरुस्तीला संबंधित कंपनीची संमती लागते. म्हणजे कारखान्याने लिहून द्यायचे की होय, आमचे गुण कमी करा. मग मी साधा अर्ज लिहून सोमवारी आवक टेबलावर दिला. सव्वादहाला शिक्का बसला. साडेअकराला, जोडपत्र राहिले असे सांगून मी तो परत घेतला. काल मंगळवारी पुन्हा दिला आणि अर्ध्या तासात परत घेतला, मजकुरात शुद्धलेखनाची चूक आहे म्हणून. चूक नव्हती. आवकचे कारकून म्हणाले, "साहेब, हा अर्ज आहे की वाचनालयातलं पुस्तक?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता माझी पाचावर धारण बसली, कारण सुनावणीला दोनच दिवस राहिले होते आणि मी हसत होतो.

९. काल दुपारी रिकाम्या खोलीत बसून मी स्वतःला आपलाच तक्ता लावला. वचन : 'मी खरे सांगेन.' मुदत ठरली आहे काय? ठरली आहे, आणि दोनदा टळली आहे. जबाबदार व्यक्ती कोण? मी, दुसरे कुणी मिळाले नाही. वचन पुरे करताना होणारे नुकसान सोसण्याची तयारी आहे काय? इथे मी बराच वेळ थांबलो, कारण जावयांची नोकरी माझ्या मुलीची आहे, माझी नाही. प्रश्न नऊ, प्रत्यक्ष काय काम झाले? माझे पेन आपोआप 'लागू नाही'कडे गेले. जित्याची खोड. मी ते खोडून 'नाही' लिहिले. बेरीज सव्वीस आली, एकशे वीसपैकी. एवढ्या गुणांच्या कंपनीला आपण काय उत्तर पाठवतो ते पत्र मीच गेली एकोणीस वर्षे लिहितो आहे : 'आपल्या जाहीर हेतूबद्दल विभागास आदर आहे, तथापि त्यावर विसंबता येत नाही.' तेव्हा महोदया, माझ्या पश्चात्तापावर विसंबू नका. कागद घ्या.

१०. तरी विनंती की, (अ) बाईंची सुनावणी रद्द करून त्यांना तसे लेखी कळवावे, आणि 'आपण मूळ तक्त्यात "नाही"च लिहिले होते' हे वाक्य त्या पत्रात शब्दशः असावे. (आ) प्रश्न नऊचे उत्तर 'नाही' करून कारखान्याचे गुण शेकडा अठ्ठावन्न करावेत व धुराची सूट काढावी. (इ) माझ्यावर नियमात असेल ती कारवाई करावी आणि निवृत्ती जवळ आली म्हणून सवलत देऊ नये. जावयांचा यात काही दोष नाही. त्यांना काहीच माहीत नाही. आज संध्याकाळी घरी गेल्यावर मी त्यांना आणि मुलीला सांगणार आहे, असे मला वाटते.

११. शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. हा अर्ज मी आज स्वतः आपल्या हाती देऊन लगेच जिना उतरणार आहे. परंतु मी स्वतःला ओळखतो. उद्या सुनावणीपूर्वी मी तो परत मागायला येईन. मी सांगेन की एक महत्त्वाचा कागद जोडायचा राहिला आहे. काहीही राहिलेले नाही. मी सांगेन की रक्तदाब वाढला होता आणि भ्रमात लिहिले. माझा रक्तदाब व्यवस्थित आहे. मी सांगेन की पत्नी अंथरुणाला खिळली आहे, तिला हा धक्का सोसणार नाही. ती ठणठणीत आहे, आणि हे सारे कळले तर मला धक्का तीच देईल. यातले काही चालले नाही तर मी मुलीचे नाव घेईन आणि कदाचित रडेन. ते रडणे खरे असेल. तरीही अर्ज देऊ नये.

'विश्वासू' हा शब्द तूर्त वगळून,
आपला नम्र,

(सही)
वरिष्ठ तपासनीस, टेबल क्र. २

दिनांक : बुधवार, सुनावणीचा आदला दिवस, दुपारी चार वाजता

सोबत : काचकारखान्याचा मूळ कच्चा तक्ता, पृष्ठ एक, बाईंच्या हस्ताक्षरात. याची दुसरी प्रत नाही.