मंत्र्याच्या चपला

अप्पा, परवा सकाळी अम्मा माझ्या फोनशी कडाकडा भांडली आणि मला इतका आनंद झाला की शेजारणीला पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. थांबा, हसू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की असला फोन तुम्ही पाहिलेलाच नाही, तेव्हा आधी नीट सांगते. हल्ली फोनमध्ये एक चॅटबॉट नावाचा प्रकार असतो. माणूस नाही, यंत्रच, पण आपण बोललो की उत्तर देतो, आणि आपल्या तमिळमध्येही देतो. अम्मानं त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "अय्यो, हा कोण? रेडिओवर बातम्या देणारा?"

आणि भांडण कशावरून, तर तुमच्या त्या मंत्र्यावरून! सिनेमातला खलनायक, मग पुढारी, मग मंत्री. प्रत्येक सभेत देव नाही, देव नाही म्हणून गरजणारा. तिरुवल्लिकेणीच्या आपल्या घरात इतर लोक जेवायला बसतात तसे तुम्ही दोघं भांडायला बसायचात. मला ते रविवार अजून दिसतात. एन्नोरच्या वीजकेंद्रातून ड्यूटी संपवून तुम्ही येता, भुवयांवरची राख धुता आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पेपर घेऊन बसता. आत अम्मा चटणीची तयारी करते आहे. तुम्ही पेपरातला फोटो तिच्या नाकासमोर धरता. "बघ, स्टेजवर चढताना यानं चपला काढल्यात. दर वेळी काढतो. हा आतून पक्का भक्त आहे, नास्तिकपणाचं सोंग आहे नुसतं." तुम्ही स्वतः खरे नास्तिक, अम्माला देवळात पोचवून बाहेर तिच्या चपला राखत उभे राहणारे, त्यामुळे भेसळ तुम्हाला खपायची नाही. आणि दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणारी अम्मा त्या नास्तिकाची वकील! "जो देवाच्या तोंडावर देव नाही म्हणतो, तो आणखी कुणाशी खोटं बोलणार? चपला नव्या असतील. चावत असतील." हरायला लागलात की तुम्ही फिल्टरची कापी मागायचात. ती हरायला लागली की मिक्सी लावायची, आणि त्या घरघरीत तुमचा मुद्दा वाहून जायचा. मी मध्ये बसून इडल्या हाणायचे. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांचे आईवडील असेच बोलतात.

आपल्या घरात कुणी "बरोबर आहे" म्हणालं की तुम्ही कपाळाला हात लावून ताप आहे का बघायचात, आठवतं? म्हणून सांगते, गेल्या वर्षी मी किती घाबरले होते. तिकडचे जिने तिला चढवेनात, म्हणून मी तिला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. आली, आणि प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणायला लागली. रस्समला चव नाही ना अम्मा? हो. बरा झालाय ना? हो. मुद्दाम म्हटलं, तुझ्यापेक्षा माझ्या सासूबाईंची पुरणपोळी चांगली. त्यालाही हो! डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. कसलं उत्तम? माझी आई माझ्यासमोर बसून विझत चालली होती आणि रिपोर्ट छान होते.

परवा टीव्हीवर त्या मंत्र्याचा जुना सिनेमा लागला. ती हळूच म्हणाली, "हा खरा माणूस होता." मी फोन तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मग याला पटवून दे. तर हा पठ्ठ्या काय म्हणतो! एखाद्याच्या मनातली श्रद्धा बाहेरून ओळखणं अवघड आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. अम्मानं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिला बिनमिठाची भाजी वाढली. "सुम्मा, उगाच गुळगुळीत बोलतोय. यापेक्षा तुझे अप्पा बरे." मग मी फोन उचलून बाल्कनीत गेले आणि त्याला सांगितलं, बाबा रे, तिच्या होला हो करू नकोस. तो माणूस छुपा भक्त होता असं म्हण, चपलांचं काढ, स्टेजवर चढताना डोकं वाकवायचा तेही काढ, सोडू नकोस, आणि अगदीच अडकलास तर कापी माग.

अप्पा, शिकला हो लगेच! "चपला चावतात हे मान्य," तो म्हणाला, "पण प्रत्येक स्टेजवर, आयुष्यभर? चपला काढायची सवय कुठे लागते माणसाला? ऑफिसात तर नाही." अम्मा ताठ बसली. "घरात लागते! आमच्याकडे घरातही काढतात!" "घरात शिरताना आपण डोकं वाकवत नाही. हे वाकवायचे, असं तुमची मुलगी सांगते." अम्माचे गाल लाल. ती उठली, तरातरा ओट्याशी गेली आणि मिक्सी लावली. रिकामी! भांड्यात काही नाही, नुसती घर्रर्र. मी दारात उभी राहून डोळे पुसत हसत होते. मिक्सी थांबली तेव्हा तो सभ्यपणे म्हणाला, "माफ करा, मला ऐकू आलं नाही. तुमचं मत बदलेल असा कुठला पुरावा असू शकतो?"

अम्मानं फोनवर चक्क पातेलं उपडं घातलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्याला ऐकू जायला नको. पुरावा माझ्याकडेच आहे."

मार्गळी महिन्यातली थंड पहाट होती म्हणे. ती दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढत होती. कोपऱ्यावरच्या लहानशा पिल्लैयारापुढे, म्हणजे आपल्या गणपतीपुढे, एक दांडगा माणूस लुंगी नेसून, डोक्यावरून टॉवेल घेऊन कान धरून उठाबशा काढत होता, पिल्लैयाराला भक्त घालतात तशा. चपला लांब काढलेल्या. धापा टाकतोय, पण थांबत नाही. फोटोवाला नाही, कार्यकर्ता नाही, मोटार पार गल्लीच्या टोकाला. वळला तेव्हा टॉवेल सरकला आणि तिनं ओळखलं. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"आणि तू त्याच्यासाठी गप्प राहिलीस?"

"त्याच्यासाठी कशाला?" अम्मा म्हणाली. "तुझ्या अप्पांना सांगितलं असतं तर ते जिंकले असते. मग रविवारी बोलायचं काय?"

तेव्हापासून रोज सकाळी फोन ओट्यावर आणि मिक्सी हाताशी. आज रस्सम कसा झालाय विचारलं तर म्हणाली, चिंचेचं पाणी आहे नुसतं. इतकं बरं वाटलं, काय सांगू.

तर अप्पा, तुम्ही जिंकला होतात, पहिल्यापासून. पण हे पत्र मी पाठवणार नाही. कळलं तर तुम्ही उंबऱ्यातून उठाल, पेपर घडी कराल आणि भांडण संपेल, आणि अम्मानं इतकी वर्षं ते संपू दिलेलं नाही. मेल्यावर काही उरत नाही, असं तुम्ही म्हणायचात आणि मीही तेच म्हणते. तरी पोचेल या भीतीनं मी ते पाठवत नाहीये, हे तेवढं आपल्यात राहू द्या.