खोडलेला शब्द

६ जाने. ८९, जळगाव
धुळ्याच्या कारखान्याच्या रंगाचा रिपोर्ट आमच्या प्रयोगशाळेतून गेला. मी लिहिलं होतं, "जंतूंच्या वंशात बदल घडवण्याचा गुण आढळला नाही." टाइप होऊन आलं, "गुण नाही." 'आढळला' सरांनी खोडला. "अहो, एकच ते. कारखानदाराला व्याकरण शिकवता का?" सही माझी. न वाचता ठोकली, गाढव मी.

२९ जाने., धुळे
भाऊ त्याच कारखान्यात रंगाची पिंपं भरतो. कोपरापर्यंत पिवळा. म्हणाला, "हातमोजा बंद कयात. रंगमा काहीच नई शे म्हने, जळगावना कागद उना. त्यावर तुनीच सही शे ना?" वहिनी वाढता वाढता थांबली. माझ्या सहीवर ह्याचे हातमोजे बंद केले.

३१ जाने.
सरांना विचारलं. "प्लेटवर बदललेल्या जंतूंचे ठिपके रंगाने दुप्पट झाले? नाही ना? विषय संपला." तीनच प्लेट्स लावल्या होत्या. ठिपके थोडे वाढले तर तीन प्लेट्सच्या चढउतारात कुठे दिसणार? पोत्यातल्या तीन शेंगा फोडायच्या नि म्हणायचं, पोतं खवट नाही. ऐकायला दोन टाळकी जास्त मिळाली की सरांना सोडत नाही. चारचौघांत नाक कापीन.

१७ फेब्रु.
सर लग्नाला चाळीसगावला. तेवढ्यात लावल्या, वीस रंगाच्या, वीस बिनरंगाच्या. आमचा नमुना संपलेला, म्हणून रंग भाऊने पुडीत आणून दिला.

१९ फेब्रु.
दोनदा मोजले. रंगाच्या प्लेट्सवर जास्त. दुप्पट नाहीत, पण योगायोग म्हणून सोडता येणार नाही इतके. काय आनंद झाला! भावाच्या हाताला लागतं ते कॅन्सरच्या संशयाचं निघालं आणि मी पेढे वाटायच्या बेतात. शी.

२२ फेब्रु.
वही सरांच्या टेबलावर आपटली. शांतपणे वाचली, चष्मा पुसला. "कळवा की मालकाला. सही कुणाची आहे?" खोडलेला मसुदा त्यांच्याच कपाटात. मेला बेरकी.

२५ फेब्रु., धुळे
कारखान्याला पत्र लिहिलं. रिपोर्ट चुकीचा, सही माझी, शब्द खोडला सरांनी, नावासकट. भाऊला वाचून दाखवलं. "पुडी कोनी दिन्ही, मालक पहिले तेच इचारी," म्हणाला. नोकरी जाईल त्याची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग हळूच, "तुले सरना राग शे का मना हातनी काळजी, ते आधी सांग."
दोन्ही, मी म्हणाले. पाकीट चिकटवलंय. पोस्ट सोमवारी दहाला उघडतं.