दोन बोटं माया

२ फेब्रुवारी

चि. ठमीस अ. उ. आ.

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितो. तुमच्या सिनेमातल्या उडणाऱ्या सुपरहिरोसाठी निवडलेला मुलगा काल दुकानात माप देऊन गेला. तीनशेंतून हाच का, कळेना. जाताना शिलाई मशीनला धडकला आणि मशीनलाच सॉरी म्हणाला. वय चौदा, पण पाऊल बापाच्या मापाचं. असं पोरगं बघता बघता वाढतं. शूटिंग मे महिन्यात. तोवर काय होईल? त्यात पोशाख अंगाला चिकटलेला, चेन पाठीला. उडता उडता लघवीला लागली तर? मला घास गोड लागत नाही.

जपून राहा, बापाला विसरू नको.

बाबा

५ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तीनशे मुलं छाती फुगवून आली. हा आमच्या दाराला धडकला आणि दाराला सॉरी म्हणाला. ज्याला भिंती पाडायची ताकद मिळणार, तो असाच हवा. दिग्दर्शकांना दुसरा हवा होता: सोळा वर्षांचा, नेमका याच मापाचा, वाढ थांबलेला. मी भांडून याला घेतलं. पहिली फिटिंग पाहिली. शिवणीत तुम्ही माया ठेवलीत, ते आत दुमडलेलं जादा कापड कॅमेऱ्यात वळीसारखं दिसतं. सगळी कापा. शाळेचा गणवेश नव्हे हा.

लघवीची काळजी तुम्ही करू नका, त्यासाठी वेगळा माणूस आहे. बाकी काळजी करत राहा, सवय आहे आम्हाला.

ठमी

११ फेब्रुवारी

चि. ठमीस अ. उ. आ.

माया कापली. पोशाख पाठवला आहे. पोराचं कसं होणार, देव जाणे.

बाबा

१२ मे

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मुलगा पावणेदोन इंच वाढला. पोशाख घोट्याच्या वर जातो, काखेत टरकतो. पोशाखाचं ते निळं कापड आता मिळत नाही. वीस तारखेला पोशाख बसला नाही तर दुसरा मुलगा घेणार. याला कुणी सांगितलेलं नाही, पण कळलंय. उंची कमी दिसावी म्हणून मान खाली घालून उभा राहतो. ‘मी म्हणालो होतो’ असं मात्र लिहू नका.

ठमी

१५ मे

चि. ठमीस अ. उ. आ.

फोन केला असता तर ओरडली असतीस. मी खोटं लिहिलं. माया कापली नाही. इस्त्रीने सपाट केली आणि आतून बारीक टाके घालून दडवली. तुला दिसली नाही, तिथे कॅमेऱ्याला काय दिसणार? चाळीस वर्षं पोरांचे कपडे शिवतो, वाढत्या पोराची माया कापायला हात धजेना. आतला पांढरा टाका ब्लेडने उसव, कात्रीने नको. बाजूंना दोन बोटं आहेत, पायाला चार. पोराला म्हणावं, मान वर कर.

रागावलीस तरी उत्तर धाड.

बाबा

२१ मे

ती. बाबांस सा. न. वि. वि.

काल पोशाख बसला. जुन्या शिवणीच्या रेघा उमटल्यात. दिग्दर्शक म्हणाले, बरंय, वापरलेला वाटतो. दुसऱ्या मुलाला नको म्हणून कळवलं. आमचा ताठ उभा राहिला, तर डोकं वरच्या दिव्याला लागलं. दिव्याला सॉरी म्हणाला.

खोटं बोलल्याबद्दल भेटीत बोलेन. तोवर माया असू द्यावी, दोन बोटं तरी.

ठमी