नाव नसलेल्या चार गोळ्या

मंगळवार, संध्याकाळी सात

डोकं नुसतं फुटतंय रागाने. मला सातवा महिना चालू आहे. सकाळी मालाडच्या बाजारात मासळी विकायला बसून बसून कंबर धरली, तेव्हा बाजूच्या मंदावहिनीने पर्समधून चार गोळ्या काढून दिल्या. "घे गं, मीपण हीच घेते. काही होत नाही." दोन मी लगेच गिळल्या. का गिळल्या?

दुपारी तपासणीला गेले तर डॉक्टर मॅडमनी विचारलं, कुठली गोळी? मी पाकिटाचा तुकडा पुढे केला. केमिस्टने कात्रीने कापून दिलेला, त्यावर नावच नाही. वहिनीला फोन लावला तर म्हणते, "पांढरी गं, कंबरेची!" पांढरी! अर्ध्या दुकानातल्या गोळ्या पांढऱ्या असतात, बाई.

मॅडम म्हणाल्या, दुखण्याच्या काही गोळ्या या महिन्यांत बाळाला बाधतात, म्हणून नाव कळायलाच हवं. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण उद्या सोनोग्राफी. तोवर काय करू? हा तुकडा उलटापालटा करत बसू?

वहिनीचा राग येतोय, त्या कात्रीचा येतोय. पण खरा कोणाचा येतोय, ते मला माहितीये. गिऱ्हाईक पापलेटाचा कल्ला उचलून बघतं तेव्हा मी रोज खेकसते, "घ्यायचं तर घे, उगाच चिवडू नको." ते निदान पोटात घालायच्या आधी बघतं तरी.