पपांनी वाचलं ते पत्र

प्रिय लूशियस,

हे पत्र एकट्यानं वाच आणि वाचून झालं की जाळून टाक. शेजारच्या खाटेवरच्याला दाखवू नकोस. भिंतीचा कागद सोलून त्याच्या पाठीवर लिहितेय, घरात दुसरा कागद उरलेला नाही. तुझा जीव आता या कागदावर अवलंबून आहे, तेव्हा माझ्या अक्षराला हसत बसू नकोस.

काय रे अक्कल ही तुझी! पाकिटावर माझं नाव घातलं की पत्र माझ्याच हाती पडेल असं वाटलं तुला? इतकी वर्षं याच टेबलावर जेवलास ना? वेदरलींच्या घरात पत्र कुणाच्याही नावाचं असो, फोडणार पपा, तेही जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आजोबा इंग्रजांशी लढायला गेले तेव्हापासूनची रीत. त्यांची पत्रं, काकांची मेक्सिकोच्या लढाईतली पत्रं, सगळी अशीच वाचली गेली, टेबलाभोवती हातोहात फिरली आणि लाकडी पेटीत गेली. माझ्या त्या बिचाऱ्या अँब्रोजचं पत्रसुद्धा! ‘तुमच्या मानेवरची ती बट’ इथवर पपा आले आणि तुला सूप पिताना ठसका लागला. परत फिरकला का तो? आणि अशा घरात तू मला लिहितोस, ‘उत्तरेवाल्यांशी लढाई पुरे झाली, इस्पितळातून परस्पर पळून येतो, आपल्या जुन्या भातगिरणीत लपेन, जेवण पाठवत जा’!

गुरुवारी तुझं पत्र आलं आणि जेवायला नेमका कॅप्टन प्रूइट. तोच, पळून आलेले शिपाई हुडकणारा. गेल्या महिन्यात विधवा कॉबच्या मुलाला त्यानं तिच्याच अंगणात उभं करून गोळी घातली. आपल्याकडे मात्र मजेत बसून भाजलेल्या रताळ्याची कॉफी फुरके मारत पीत होता. पपांनी पाकीट फोडलं. मी त्यांच्या शेजारीच होते, मला कागद दिसत होता. पहिल्याच ओळीत ‘पळून’. पेला सांडावा, काहीतरी करावं असं मनात आलं, पण हात उचलेना.

पपा वाचू लागले. ‘प्रिय हॅरियट, इथे थंडी फार आहे.’ अरे, तुझ्या पत्रात थंडीचं नावसुद्धा नव्हतं! मग म्हणे जखम भरत आलीय, घोडा मित्राकडे सोपवलाय, बरा झालो की तुकडीत परत जाणार. कुठे अडखळले नाहीत. चर्चच्या पायरीवर उभं राहून भाषणं ठोकून ज्यांनी लोकांची पोरं लढाईवर धाडली, ज्यांनी जन्मात कुणाच्या पत्रातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, ते आपले पपा धडधडीत खोटं वाचत होते. तुझं पत्र चार ओळींचं, आणि त्यांचं वाचन काही संपेना.

वाचून झाल्यावर कॅप्टननं हात पुढे केला. ‘बघू जरा. फिरवायची रीत आहे ना तुमच्याकडे?’ पपांनी कागद खिशात घातला. ‘आज नाही, कॅप्टन. आजची रात्र म्हाताऱ्याला लेकाचं पत्र उशाशी घेऊन झोपू द्या. रविवारी जेवायला या, तेव्हा बघा.’ तो हसला. ‘येतो की. पण पत्र विसरू नका हं. तुमच्या लेकाचं अक्षर मला चांगलं माहीत आहे.’

तो गेल्यावर पपांनी तुझा कागद आगीत टाकला. ‘लिही त्याला,’ म्हणाले, ‘खाट सोडू नकोस म्हणावं. डॉक्टर दिसला की खोकत राहा.’ कॅप्टनला संशय आलाय हे नक्की. काल त्याची माणसं आपली कोठारं आणि गिरणी धुंडाळून गेली, दोघं अजून तिथेच बसलेत. गिरणीकडे आलास की मेलास.

हे पत्र स्किपिओ आज रात्रीच तांदळाच्या पोत्यातून आणेल, म्हणजे रविवारच्या जेवणाआधी तो परत पोचेल. पपांनी त्याला प्रवासाचा परवाना लिहून दिलाय. त्याच स्किपिओला, ज्याची लेक जूनो त्यांनी गुलामांच्या दलालाला विकली. आपल्या टेबलावरची सगळी पत्रं त्यानं ताटं उचलताना ऐकलीत. त्याच्या लेकीचं एक आलं नाही, आणि आलं असतं तरी गुलामांना वाचायला शिकवायचं नाही असा आपलाच कायदा. त्यानं हे कॅप्टनच्या हातात दिलं तर? खरं सांगू, त्याच्या जागी मी असते तर दिलं असतं. काल काम सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘जातो. पण मिस हॅरियट, मी परत येईपर्यंत जूनो कुठे नेली ते मालकांना विचारून ठेवा.’ मला पपांची भीती वाटते, तरी विचारणार आहे.

आता नीट ऐक, कारण याचसाठी लिहायला बसलेय. पपांनी जे वाचलं ते सगळं आठवून मी सोबतच्या दुसऱ्या तुकड्यावर उतरवलंय. ते तुझ्या हातानं, तुझ्या अक्षरात लिहून स्किपिओकडे दे. रविवारी टेबलावर ते पत्र नसेल, तर तूही गेलास आणि पपाही. थंडी, जखम, घोडा, सगळं त्याच क्रमानं घे. आणि शेवटी एक वाक्य आहे, ते वाचताना मात्र पपांचा आवाज बसला होता. ‘पपांना सांग, अंधार पडला की मला त्यांची फार आठवण येते.’ तू असं कधी लिहिलं नाहीस. चारचौघांत वाचलं जाणार म्हटल्यावर कोण लिहील? कॅप्टनच्या हे वाक्य लक्षातही नसेल. तरी ते गाळू नकोस, लूशियस.

तुझीच,
हॅरियट