जुन्या आवृत्तीची मुदत

काराकोल

आदरणीय सागिनमामांना आयझिरेकचा सलाम,

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी ठीक ना? घोडी व्याली का?

तुमच्या खिंडीतल्या चौकीवर हिमस्खलनाचा इशारा देणारा आमचा प्रोग्रॅम आहे ना, त्यावरून आम्हा तिघांत चांगलीच जुंपली (फुकट कामात भांडणं जास्त होतात). तो ज्या संगणकभाषेत लिहिलाय, तिच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात आणि जुन्यांवरही तो चालवायचा म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची. अल्माटीचा दाउलेत म्हणाला, "भाषा बनवणाऱ्यांनीच जुनी सोडली. आपण का तिची पालखी वाहायची?" समरकंदचा रुस्तम म्हणाला, "कुणी वापरत असेल तर?" जाहीर विचारलं, तर जगभरातून एकच उत्तर आलं. तुमचं. दाउलेत म्हणाला, "तुझ्या मामापायी जगानं थांबायचं का?"

म्हणून मी स्वतःच नवी आवृत्ती घालायला वर आले. तुम्ही लग्नाला नारीनला गेला होतात. तुमच्या म्हाताऱ्या यंत्रानं नवी आवृत्ती घेतलीच नाही. मामींनी घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस दिलं आणि मी खिडकीशी बसले. समोर धुकं इतकं हळू सरकत होतं, की डोंगरच कुठेतरी निघालाय असं वाटलं. तास गेला की दिवस, कळलं नाही. आवृत्त्या, मुदती सगळं दूर कुठेतरी विरघळून गेलं. (मामी म्हणतात मी घोरत होते. ते खोटं आहे.)

मग यंत्रानं बारीक शिटी दिली. मामींनी त्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि दाराशी जाऊन मेंढपाळाला शांतपणे सांगितलं, "आज उतारावर नको रे." दुपारी तो उतार खाली आला. आवाज आधी कानाला नाही, पायांना कळला. मेंढ्या गोठ्यात होत्या.

खाली येऊन सांगितलं, जुनी आवृत्ती अजून एक वर्ष राहील. दाउलेत कुरकुरला, पण मानला.

तुमची भाची,
आयझिरेक

ता. क. : नवं यंत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. मामींच्या मालिकांसाठी नाही, चौकीसाठी.

ता. क. दुसरा : दाउलेत इतक्या लवकर कसा मानला, ते काल कळलं. त्याचं स्वतःचं यंत्रही जुन्याच आवृत्तीवर चालतं. लाजेनं बोलला नव्हता. ठरावात मात्र कारण म्हणून तुमचंच नाव आहे. कुणी विचारलं तर मामा, तुम्हीच हट्ट धरला होता असं सांगा.