रायफलचे पाय

७ सप्टेंबर, रविवार
रेंजवर. पन्नास यार्ड. चार गोळ्या चार दिशांना, पाचवी कागदाबाहेर. डेल, तिथला म्हातारा अमेरिकन रेंज ऑफिसर, मागे उभा. “डॉक, गेट अ बायपॉड.” म्हणजे नळीखाली लावायचा दोन पायांचा स्टँड.
राग आला. नागपूरला एनसीसीत उस्ताद सांगायचे, “रायफल हड्डी पे रखो, गोश्त पे नहीं.” स्वतःच्या कोपराशिवाय दुसरा आधार घेणं म्हणजे आमच्या लेखी कॉपी.
पण उजवा हात थरथरतो. जुलैपासून. वसंतला सांगितलेलं नाही.

१० सप्टें.
व.ला एवढंच म्हटलं, बायपॉड घ्यायचा विचार आहे, महागडा नको. झालं. नवरोबा तीन दिवस रिव्ह्यू वाचतायत, फ्रिज घेतानासुद्धा इतके वाचले नव्हते. शेवटी स्वतःच ऑर्डर केला.

१३ सप्टें.
पार्सल आलं. पाय हातभर लांब. टेबलावर ठेवला तर रायफल माझ्या कपाळाच्या वर.
“अगं, त्याच भावात जास्त उंची मिळत होती.”
पैसे वसूल व्हावेत म्हणून एक साइज मोठा स्वेटर घेणारा पुणेकर तो. मला गुडघ्यांमुळे जमिनीवर पालथं पडून मारता येत नाही, बाकावर बसूनच मारते, तिथे वीतभर उंची पुरे. जास्त झाली की मान अवघडते. हसू आवरेना. परत पाठवला.

१६ सप्टें.
दुकानात जाऊन हातात घेऊन पाहिले. काउंटरवरची बाई शहाणी. तिनं आधी विचारलं, बसून की झोपून. सगळ्यात स्वस्त होता त्याचे पाय पत्र्याचे, लगेच डुगडुगतात. शिवाय रायफल डाव्या-उजव्या अंगाला कलवता येत नाही, आणि रेंजवरचे बाक तर एकही सरळ नाही. त्याच्या वरचा घेतला. पायांना खाचा, हव्या त्या उंचीवर टक् करून अडकतात. खाली रबर. पट्टा अडकवायच्या जुन्या कडीलाच बसतो, वेगळं काही लावायला नको.
छत्तीस वर्षं भूल देण्याचं काम केलं, पण एवढा वेळ कुठलंच हत्यार निवडायला लावला नसेल.

२१ सप्टें., रवि.
खांद्यानं रायफल हलकेच पुढे रेटायची, म्हणजे पाय बाकाला घट्ट बसतात. डेलनं शिकवलं. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली. व.नं तो कागद फ्रिजवर लावला, लेकीला फोटो पाठवला. “आई, दॅट्स इन्सेन!”
दिवसभर खूष होते. संध्याकाळी फ्रिज उघडताना कागद दिसला आणि वाटलं, हा स्टँडचा हात आहे, माझा नाही. पेशंट लक्षणं लपवायचे तेव्हा मी किती चिडायचे.
सांगितलं की आधी तपासण्या. मग गाडीची किल्ली जाणार, मग रायफल. याचीच भीती वाटते. तपासण्यांची नाही.

२ ऑक्टो. दसरा
व.नं पाट मांडला. लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, माझा जुना स्टेथो आणि रायफल. मी ती रिकामी असल्याचं दोनदा तपासलं. यंदा बायपॉडचे पाय उघडून, त्यांनाही हळदकुंकू, वर मूठभर अक्षता.
“पाय आहेत म्हटल्यावर पूजा पायांची,” व. म्हणाला.
झेंडूचं फूल नळीवरून तीनदा पडलं. नैवेद्याचं श्रीखंड बरं झालं होतं.

५ ऑक्टो., रवि.
व. पहिल्यांदाच सोबत आला. बायपॉडचा डावा पाय अडकेना. रायफल टेकवली की खाली बसायचा. डेलनं चष्मा लावून पाहिलं. “डॉक, इज दॅट राइस?”
खाचेत अक्षतेचा दाणा, कुंकवात भिजून चिकटलेला. नखानं निघेना. दसऱ्याची पूजा डेलला समजावली. तो म्हणाला, त्याच्या घरी ट्रकवर पवित्र पाणी शिंपडतात, पण तांदूळ नाही.
परत जाऊया, असं मी म्हणायला हवं होतं. पण व. एवढ्या लांब आलेला. बायपॉडशिवाय, हातावरच मारली. व. दुर्बिणीतून कागद बघेल असं वाटलं होतं. तो माझ्या हाताकडे बघत होता.
गाडीत बसल्यावर व. म्हणाला, “मला वाटलं स्टँड आणला की तू आपणहून सांगशील.”
“तुला माहीत होतं?”
“दोन महिने चहाचे कप अर्धे भरतेस.”
मला रडू आलं. गाडी तोच चालवत होता, म्हणून बरं.

१२ ऑक्टो., रवि.
जुन्या टूथब्रशनं खाच साफ केली. पाय टक् करून बसला. पाच गोळ्या बायपॉडवर, पाच हातावर. दोन्ही कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवले. मंगळवारी न्यूरॉलॉजिस्ट. त्यांना फक्त फ्रिजवरचा कागद दाखवायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.
काय निघेल माहीत नाही. साधा वयाचा कंप असेल. नसेलही. लेकीला मंगळवारनंतर सांगायचं ठरलंय. रायफलचं काय ते बोललो नाही.
घरी आल्यावर चहा मी केला. व.चा कप काठोकाठ भरला आणि हातात दिला. सांडला. त्यानं आधी बशीतला प्यायला, मग कपातला.